शब्द कुटं हायत?

"अंबादास झोपेतच गेला," त्याच्या धाकट्या बहिणीनं, पद्मानं, फोनवर सांगितलं. त्याला महिना होऊन गेला. पण तो आठवला की अजून डोळे भरून येण्याआधी हसूच येतं... त्याला ते चाललं असतं.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सोलापुरात एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. त्याचं घर तेलुगू विणकरांचं. वडिलांना सगळे नायना म्हणत. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. माणसं बोलताहेत एवढं समजायचं, काय बोलताहेत ते नाही. त्यात पद्माचा आवाज बारीक. लाडक्या लेकीचंच बोलणं कळेना, तेव्हा नायनांनी चौघांत बसणं सोडलं. ताट घेऊन ते एकटेच अंगणात जेवायचे.

अंबादासला ते बघवेना. बारीक सिग्नल कितीतरी पटींनी मोठा करणारी ऑप-अँप नावाची चिप तेव्हा आमच्याकडे नवी होती. त्यानं मुंबईहून दोन मागवल्या, एकीला माइक आणि हेडफोन जोडला आणि आवाज हजारपट वाढवला. नायना दचकले. "लई मोठा येतो की रं आवाज! पण शब्द कुटं हायत? मडक्यात तोंड घालून बोलल्यागत वाटतंय." अंबादासनं आणखी वाढवला, तर मडकंच तेवढं मोठं झालं. नायनांनी हेडफोन काढला, लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि ताट उचललं. ती थाप त्याला फार लागली.

मग एका दुपारी चहा पिता पिता तो एकदम म्हणाला, "अरे, पोरांना शिकवतो तेच मी विसरलो! एकाच चिपकडून हजारपट मागितलं, की तिच्याकडं उंच पट्टीच्या आवाजांसाठी काही उरत नाही. 'स', 'श', 'च' सगळे वरचे. नायनांना नेमके तेच ऐकू येत नाहीत."

"मग वाढवायचं कमी करणार?"

"एकीकडून कमी. तीसपट ही वाढवेल, पुढं त्याच्या तीसपट ती दुसरी, म्हणजे नऊशेपट. मोठेपणा जवळजवळ तेवढाच, आणि अक्षरंही वाचतील."

रविवारी मी जेवायला होतो. नायनांना आग्रहानं आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. माझ्यासमोर म्हणून पद्मानं मराठीत विचारलं, "नायना, शेंगाचटणी वाढू?"

नायना थांबले. मग सावकाश, एकेक अक्षर चाखत म्हणाले, "शेंगा... चटणी... व्हय, वाढ की!" पद्मानं इतकी वाढली की भाकरी दिसेना. अंबादास भिंतीकडं तोंड करून उगाच वायर गुंडाळत राहिला.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवला, समोर बसली, माझ्याकडं बघितलं आणि मगच म्हणाली, "घ्या." त्या घरात नायनांच्या वेळेपासून आतून कुणी हाक मारत नाही. आधी समोर यायचं, मग बोलायचं. अंबादास जन्मभर तसंच बोलला.

संध्याकाळी घरी आलो, तर बायकोनं स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. मी उठलो, आत गेलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हं, आता बोल."