अकरा अंडी

सलमा शिकलगारला शालन घाटगेचा इतका हेवा वाटायचा, की शालनच्या दप्तराचा पट्टा तुटला तरी हिचा दिवस बरा जायचा. १९७४ साल. दोघी राजारामपुरीतल्या एकाच शाळेत नववीला. शालनचे वडील हंबीरराव डॉक्टर, दवाखाना शाळेसमोरच. सलमाचे अब्बा, गौस, एका कारखान्यात लेथ मशीनवर. ती रोज उचगावहून बसने लोंबकळत यायची. शालन पैसेवाली, हुशार, आणि वर स्वभावानेही चांगली! हे शेवटचं तर सलमाला मुळीच सोसत नव्हतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून जीवशास्त्राचा एकच प्रयोग जाणार होता. तो आपला असावा, एवढंच सलमाला हवं होतं. विषय ठरवताना चौगुले सर तिला म्हणाले, "अगं, तुझ्या घरी कोंबड्या आहेत ना? सात दिवस उबवलेल्या अंड्यातला जीव उजेडात दाखव. याहून चांगला विषय कुठला?"

मागच्या बाकावरून कुणीतरी "कोंबडीवाली" म्हणून फिस्सकन हसलं. सलमाचे कान तापले.

"नको सर. मी बेडकाच्या हृदयाचा तक्ता करते."

शालनने हात वर केला. "मग सर, कोंबडीचं मी करू?"

झालं! रविवारी शालनबाई उचगावात हजर. गल्लीतल्या बायका उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालची अंडी तपासायला सलमाच्या अम्माकडे, लालबीकडे, आणायच्या. लालबी दार लोटून घ्यायची, फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत मुठीतलं अंडं धरायची आणि सांगायची, यात जीव हाय, यात न्हाय. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिने शालनला शेजारी बसवलं आणि तिचा हात धरून अंडं कसं धरायचं ते शिकवलं.

"लाल मुळ्या दिसत्यात न्हवं? त्योच जीव. लई हुशार हाईस की गं!"

अम्माने आपल्याला असं कधी जवळ बसवलं नाही, असं सलमाला वाटलं. खरं तर तीच कधी बसली नव्हती, पण ते त्या वेळी कोण आठवतंय!

महिन्याभराने शाळेत निवड होती. त्या सकाळी लालबीने कोंबडीखालच्या अकरा अंड्यांतली चार निवडून भुश्शाच्या टोपलीत ठेवली आणि ठेवणीतली साडी नेसायला आत गेली. शालनने तिला आग्रहाने बोलावलं होतं. सलमाने चारही अंडी परत कोंबडीखाली सारली आणि फडताळातली ताजी, न उबवलेली चार टोपलीत ठेवली.

शाळेत खोक्यातला बल्ब पेटला. पहिलं अंडं नुसतंच पिवळसर. दुसरंही तसंच. चौथ्यापर्यंत शालनचे डोळे भरून आले.

"अंडी निवडली कुणी?" परीक्षकांनी विचारलं.

लालबी पुढे झाली. एकेक अंडं तिने स्वतः बल्बवर धरून पाहिलं. "मीच निवडली, सायेब. पोरीची काय चूक न्हाय. माझीच नजर गेली."

सलमाचा तक्ता निवडला गेला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या शालननेच वाजवल्या. तेवढंही सुख तिने सलमाला मिळू दिलं नाही.

मग शेजारची यल्लव्वा अंडी घेऊन आली, की लालबी तिला दारातूनच परत पाठवू लागली. "मला दिसंना झालंय, बाई. दुसऱ्या कुणाला तरी दाव." सलमा ऐकत ऐकत तक्त्यातल्या शिरा रंगवत राहायची. तोंड उघडलं असतं तर तक्ता गेला असता.

दोन आठवड्यांनी, जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, कोंबडी पिल्लं घेऊन उठली. लालबीने ती मोजली. परत एकदा मोजली. अकरा.

"सात ठेवलेली मी," ती म्हणाली.

सलमा तक्ता गुंडाळत होती, ती तशीच थांबली. आता थोबाडीत बसणार, असं तिला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

"साऱ्या गल्लीत मला आंधळी ठरवलंस," लालबी हळू म्हणाली. "जा, यल्लव्वाला सांगून ये. अंडी घिऊन ये म्हणावं, लालबीला दिसतंय."

"आणि... कसं काय दिसायला लागलं, असं तिनं विचारलं तर?"

"विचारंलच की. तवा तुझं तू सांग."