उशाशी उभी नीलाक्का

नीलाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ऑपरेशनच्या टेबलावर निजवलेल्या एका बाईशी रस्त्यावरून वाद घालत होती.

"कमलापूर सोडलं की डाव्या हाताला वढा लागतोय न्हवं?" अक्का विचारत होती.

"उजव्या," तोंडावरच्या भुलीच्या जाळीखालून ती बाई म्हणाली.

"व्हय? मला तर गाडीवानानं डाव्या सांगितलं."

"गाडीवान... झोपला असंल," बाई म्हणाली आणि स्वतःच झोपली.

अक्काने तिच्या पापणीच्या केसांना हळूच बोट लावलं, हनुवटी जराशी वर उचलली, कान तोंडाजवळ नेऊन ऐकलं आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "कापा आता. ही वढ्यापाशीच निजली."

मी दारात उभी राहून हे ऐकत होते. हैदराबादेत डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन वर्षभराच्या उमेदवारीसाठी गुलबर्ग्याच्या जनानी दवाखान्यात आले होते. पेटीत तीन जाडजूड पुस्तकं होती आणि डोक्यात त्याहून जाड गर्व होता. त्या पुस्तकांत लिहिलं होतं की भूल देताना रोग्याला आकडे मोजायला लावावेत. ओढ्याबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नव्हतं.

निजामाच्या राज्याची शेवटची सहा-सात वर्षं उरली होती, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? आमच्या दवाखान्यात दाया शिकत, नर्सा शिकत, माझ्यासारख्या कोऱ्या डॉक्टरणी शिकत. फक्त भूल द्यायचं काम कुणी ठरवून शिकायला येत नसे. ज्याचा हात सापडला, त्याच्या हातात भुलीच्या औषधाची बाटली दिली जाई. शेजारच्या मर्दानी दवाखान्यात भूल देणारे रहीमचाचा मुळात फौजेत घोड्यांच्या डॉक्टरचे मदतनीस होते. आमच्याकडे अक्काच्या आधी मार्थाबाई होत्या. त्या बिदरच्या मिशन शाळेत मुलींना गाणी शिकवायच्या. आवाज बसला म्हणून दवाखान्यात आल्या आणि पुढे लग्न होऊन सोलापूरला गेल्या. चाचा गमतीने म्हणत, "घोडे को सुलाया तो आदमी क्या चीज़ है!"

अक्काची कथा आणखी वेगळी. ती दुबलगुंडीच्या लिंगायत शेतकऱ्याघरची. घरात कन्नड, शेजारी मराठी. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. दोन वर्षांनी अडलेल्या जावेला बैलगाडीत घालून तिने गुलबर्ग्याला आणलं. जाऊ सुटली, बाळ घेऊन परत गेली. अक्का मात्र गेली नाही. "तिला कापलं अन् तिला कळलंबी न्हाई! मी म्हणलं, ही जादू कशी करत्यात ते बघितल्याबिगर मी कामून जाऊ?" मग ती आया म्हणून राहिली. पुढे एकदा एक म्हातारी टेबलावर थरथर कापत होती. तिला आकडे मोजायला सांगितले तर म्हणाली, मला विसापुढं येत नाही. तेव्हा तिचे हात धरायला उभ्या असलेल्या अक्काने सहज विचारलं, "आज्जी, तुमच्या गावाला कसं जायचं?" म्हातारी वाट सांगत सांगत निजली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून अक्काला शिकवायला सुरुवात केली. पाच वर्षं शिकवलं. बुबुळ कसं बघायचं, ओठांचा रंग कसा बघायचा, जाळीवर थेंब किती आणि कधी टाकायचे, सगळं. मी आले तेव्हा अक्काने पन्नाशी गाठली होती आणि दोन हजारांच्या वर बायका निजवून पुन्हा उठवल्या होत्या, असं ती सांगे. हिशोब तिचा तिलाच माहीत!

या कामापायी तिने सगळ्या मुलखाच्या वाटा गोळा केल्या होत्या. स्वतः ती आयुष्यात एकच रस्ता चालली होती, दुबलगुंडी ते गुलबर्गा. पण संध्याकाळी फाटकाशी उतरलेल्या गाडीवानांत जाऊन बसायची आणि विचारायची, "चिंचोळीच्या पुढं काय लागतंय? देऊळ? कुणाचं? तिथनं कुण्या हाताला?" एका गाडीवानाला ही सरकारची जासूद वाटली आणि तो बिचारा बैल न सोडताच पळाला. कोण कुठल्या गावची हे कळलं की त्या बाईचं नाव अक्का विसरून जायची. मला तर ती पहिल्या दिवसापासून "ए मुडबी" म्हणूनच हाक मारी, कारण माझं माहेर मुडबीचं.

मला शिकवताना मात्र थट्टा नाही. माझ्या हातात बाटली देई आणि स्वतः डोळे मिटून बाजूला उभी राही. "कामून इतकी भराभर ओतायलीस? पाणी घालायलीस का तुळशीला?" डोळे मिटलेले असताना तिला थेंब कसे दिसत, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ती रोग्याचा श्वास ऐकत होती. "नाडी लबाड हाय, डोळा फसवतोय. श्वासाला सोंग करता येत न्हाई. ऐकत ऐकत थेंब टाक." माझ्या पुस्तकात याच गोष्टीवर चाळीस पानं होती. ती मी पाठ केली होती आणि तरी ओतायची भराभरच.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता हैदराबादहून हुकूम आला. यापुढे ज्याच्याजवळ भुलीच्या वेगळ्या परीक्षेचा दाखला असेल, मग तो डॉक्टर असो वा नसो, त्यानेच भूल द्यावी. बाकीच्यांनी मूळ कामावर परतावं. अक्काचं मूळ काम आयाचं. म्हणजे पंधरा वर्षं टेबलाच्या उशाशी उभी राहिलेली बाई आता पुन्हा बेडपॅन धुणार. तिने हुकूम ऐकला, पदर खोचला आणि म्हणाली, "बेडपॅन धुवायला मला लाज न्हाई. पन माझ्या जागी कोण उभं ऱ्हाईल, ते सांगा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी काळजी पसरली ती स्वतःसाठी नव्हती, हे मला आजही लाजेने आठवतं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी लिहून लिहून परवानगी मिळवली की जिला वाचता येत नाही तिची परीक्षा तोंडी घ्यावी. पण अर्जावर अंगठा चालणार नव्हता, सही हवी होती. ती शिकवायचं काम माझ्याकडे आलं. रोज दुपारी जेवणानंतर पाटीवर मी 'नीलव्वा' हे तिचं खरं नाव लिहून देई आणि अक्का ते गिरवी. जो हात थेंब मोजताना कधी हलला नाही, तो पाटीवर घामाघूम व्हायचा. "तुझी आई कशी शिकवली गं तुला हे? मला तर बाई निजवणं सोपं वाटतंय." पंधरा दिवसांनी सही आली. जरा तिरकी, पण आली. त्या दिवशी तिने सगळ्या वॉर्डाला गूळ-शेंगदाणे वाटले.

परीक्षेला हैदराबादहून जे साहेब आले ते विलायतेहून शिकून आलेले होते. जनानी दवाखाना म्हणून रोगी बाई झोपेपर्यंत त्यांनी पडद्यामागे बसायचं, असं ठरलं. त्यांच्या हातात घड्याळ. आमच्या दवाखान्यातून परीक्षेला आम्ही दोघीच: आधी मी, मग अक्का.

माझी रोगी बाई जाळी ठेवताच झटापट करू लागली. मी घाबरले. साहेब ऐकतायत, घड्याळ चालू आहे. मी जाळी आणखी दाबली. बाईने श्वास कोंडला, ओठ निळसर झाले. बाजूला उभ्या असलेल्या अक्काने माझं मनगट धरून जाळी वर उचलली. बाईला काही झालं नाही, ऑपरेशनही नीट पार पडलं. पण पडद्यामागे कागदावर लेखणी चालल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

मग अक्काची पाळी. तिची रोगी बाई भीमेपल्याडच्या गावची, पोटात गोळा असलेली, त्याच सकाळी आलेली. अक्काला अफजलपूरपर्यंतची वाट पाठ होती. पुढच्या वाटेची चौकशी करायला वेळच मिळाला नव्हता. तरी तिने सुरू केलं. चौडापूर आलं. अफजलपूर आलं. बाईचा आवाज जड होत चालला होता.

"अफजलपुराच्या पुढं काय हाय?" अक्काने विचारलं.

"नदी," बाई म्हणाली, आणि एकदम ताठ झाली. हात आखडले, श्वास कोंडला. नंतर कळलं की आदल्या पावसाळ्यात ती नावेतून पुरात पडली होती, जेमतेम वाचली होती.

अक्काने झटकन जाळी उचलली. "न्हाई जायचं आपल्याला पाण्यात. नाव येऊ दे. आपन काठावर बसू. बस बाई, पाय धू."

सगळे थांबले. मोठ्या डॉक्टरीणबाई चाकू हातात घेऊन थांबल्या. पडद्यामागून आवाज आला, "वक़्त हो गया. शुरू कीजिए."

"ठैरो साब," अक्का म्हणाली. "नाव नै आई अबी."

पडद्यामागून, "कौनसी नाव?"

अक्का बाईचा श्वास ऐकत होती. बाईने कोंडलेला श्वास सोडला, मोठा ओढला, पुन्हा सोडला. ते उसासे औषधाविना, नुसत्या हवेचे होते. जाळी अजून अक्काच्या हातातच होती. मी मनात देवाचा धावा करत होते. साहेब दुसऱ्यांदा म्हणाले, "शुरू कीजिए!" आणि अक्का दुसऱ्यांदा म्हणाली, "नै साब." निजामाच्या मोठ्या हाकिमाला एक आया दोनदा नाही म्हणाली!

श्वास सारखा झाला तेव्हा अक्काने जाळी परत ठेवली. "आली बघ नाव. नावाडी वळखीचा हाय का?"

"मामा... हाय," बाई पुटपुटली.

"मग काय भ्या हाय! मामाचा हात धर अन् चढ. बसलीस?"

"बस... ले."

दहा-बारा थेंब. पापणीला बोट. हनुवटी. कान. "कापा बाई."

साहेब पडदा सारून आले. गोरेपान, कडक, कपाळाला आठी. "रुकी क्यों?"

"उने सांस रोक ली थी साब. रोकी सो सांस छूटी तो लंबी खींचती. तब जाली मूं पो रैती तो पूरी दवा एकदम अंदर जाती. दिल बैठ जाता."

"ये किस किताब में पढ़ा?"

"किताब नै आती साब. सुनती हूं मैं."

साहेबांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवशी ते पुस्तक मी का बरोबर आणलं होतं, देव जाणे. महिन्याने निकाल आला. नीलव्वा, दुबलगुंडी: पास. माझ्या नावापुढे जे लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही, वाचकांनी समजून घ्यावं.

मी उशीत तोंड खुपसून रडले. अक्का माझ्या खोलीत आली, दाखला माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, "वाच गं मुडबी, काय लिवलंय ते." मी हुंदके देत उर्दू दाखला वाचून मराठीत सांगितला. ती मनापासून खूश होऊन ऐकत होती, मध्येच म्हणत होती, "हे परत एकदा वाच." शेवटी रडता रडता मला हसू फुटलं.

नापास झालेलीने पंचवीस रोग्यांना दाखलेवाल्या माणसाच्या देखरेखीखाली भूल द्यावी आणि दर रोग्यापुढे वहीत त्याची सही घ्यावी, असा नियम होता. जनानी दवाखान्यात दाखलेवालं माणूस एकच. म्हणजे ज्या सहीसाठी मी पाटी धरली होती, तीच आता मला पंचवीस वेळा मागायची होती. अकरा सह्या झाल्या. बाराव्या रोग्याच्या दिवशी माझ्या भावाचं लग्न होतं आणि दुपारची गाडी गाठायची होती. एका पोरीचं गळू फोडायचं होतं, पाच मिनिटांचं काम. मी गावाची वाट विचारली नाही, श्वास ऐकला नाही. भराभर ओतलं आणि पोरगी निजली. गळू फुटलं, पोरगी उठली आणि पेरू मागायला लागली. मी वही पुढे केली.

अक्काने टाक दौतीत बुडवला, वहीकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला. "ह्याच्यावर न्हाई."

"अक्का, पोरगी ठणठणीत आहे! पेरू मागतेय!"

"हाय की. तिच्या नशिबानं हाय, तुझ्यामुळं न्हाई. नशिबाच्या कामावर मी सही करत न्हाई."

मी रागाने लाल झाले. म्हणाले, "ही सही तुला शिकवली कुणी?"

"तू शिकवलीस. म्हणून तर तिची किंमत मला कळती. जा, गाडी चुकंल. लग्नात माझ्या वाटणीचा लाडू खा."

लग्नात मी कुणाशी धड बोलले नाही. परत आल्यावर सव्विसावा रोगी करूनच पंचवीस सह्या पुऱ्या केल्या. दुसऱ्या परीक्षेला साहेब पडद्यामागे होते आणि माझ्या रोगी बाईने वाटेत दोनदा विश्रांती घेतली. मी दोन्ही वेळा थांबले. पास झाले, आणि त्याच दवाखान्यात राहिले.

राज्य बदललं त्याच हिवाळ्यात अक्का दुबलगुंडीला परत निघाली. जावेचा तो मुलगा, ज्याच्या जन्मासाठी ती इथे आली होती, आता बापड्या म्हाताऱ्या काकूला न्यायला मोटार घेऊन आला होता. वॉर्डातल्या बायकांनी तिला लुगडं दिलं, रहीमचाचांनी अत्तर दिलं, मोठ्या डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या. निवृत्तीचे बरेच कागद होते आणि ते सही करायला पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. अक्का वाचत नव्हतीच. मी बोट ठेवी तिथे ती तिरकी सही करी. सहा कागद झाल्यावर मी सातवा कागद म्हणून माझी जुनी वही सरकवली, बाराव्या ओळीवर बोट ठेवून.

तिचा हात थांबला. तिने ते पान बघितलं, वरच्या अकरा तिरक्या सह्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. आणि इतकी हसली, इतकी हसली की मोटारीतल्या पुतण्याने भोंगा वाजवायचं थांबवलं.

"लबाड मुडबी!" ती म्हणाली. वही मिटून तिने माझ्या हातात दिली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि मोटारीत जाऊन बसली.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. बारावी ओळ अजून कोरी आहे.