पाणी आलं तेव्हा परीक्षा चालू होती

त्या दिवसांत मी सिद्धरामेश्वरांवर, आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवतावर, रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा आपल्या श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याकडे त्या वेळी सांगण्यासारखी श्रद्धा उरली नव्हती, राग मात्र भरपूर होता. आमचं घर लिंगायतांचं, त्यामुळे गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा चुकवायची नाही हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे, भस्म लावायचे, बेलाचं पान वाहायचे, आणि तोंडातून एक अक्षर न काढता उठायचे. घरात दोघांचं बिनसलं तरी स्वयंपाक काही थांबत नाही, तसं ते चाललं होतं.

रागाचं कारण होतं लुसिया. पोर्तुगालहून आलेली सत्तावीस वर्षांची ही मुलगी फिजिओथेरपिस्ट. तिकडची एक संस्था अशा मुलामुलींना स्वयंसेवक म्हणून परदेशी पाठवते. तिला दोन वर्षं सोलापूरजवळच्या वळसंग गावात राहून, जन्मापासून हातपाय ताठ असलेल्या मुलांचे व्यायाम करून घ्यायचे होते. पण त्याआधी आठ आठवडे सोलापुरात एखाद्या घरी राहून मराठी शिकायची आणि मग पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची, असा संस्थेचा नियम. दोनदा नापास झालं की सामान बांधून परत. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, समोरची खोली रिकामी. विचारायला आलेल्या माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.

पोर पहिल्या दिवसापासून गुणी. खाली मांडी घालून जेवताना तिच्या पायाला मुंग्या यायच्या, पण खुर्ची मागितली नाही. कडक भाकरी मोडताना पहिल्यांदा तिने ती बिस्किटासारखी चहात बुडवली आणि मी कपाळावर हात मारला. शेंगाचटणीने डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे तिला खरंच वाटेना. मग एकदा स्वतः घागरी उचलल्यावर पटलं, आणि तेव्हापासून एका बादलीत अंघोळ करून उरलेलं पाणी तुळशीला घालायला लागली. मला ती ‘बाई’ म्हणायची, माझ्या विद्यार्थिनी म्हणायच्या तशी. त्या हाकेने मी किती सुखावत होते हे तिला कधी कळू दिलं नाही.

शिकवायला मात्र मी कडक. रोज सकाळी चार तास, आणि वाक्य चुकलं की दहा वेळा लिहायचं. जेवताना चुकलं तरी घास हातात ठेवून मी सुधारायचे. शेजारच्या मल्लव्वाकडे मागच्या दाराने जायचं नाही, अशी ताकीदच दिली होती. मल्लव्वा अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलते, तेही तोंडात शेंगदाणे असल्यासारखं. तिच्या संगतीत मुलीची भाषा बिघडेल ही माझी भीती. मल्लव्वाने एकदा मला सुनावलंही, “बाई, पोरीला जरा बोलू तर द्या की. नुसतं धरून बसलाव.” मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं? आता लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं खरं.

दर गुरुवारी लुसिया एसटीने वळसंगला जाऊन काम बघून यायची. तिथे चार वर्षांची एक मुलगी होती, तिचे पाय कातरीसारखे एकमेकांवर चढलेले. तिच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं की बाहेरची बाई येणार, रोज व्यायाम घेणार, मग पोर उभी राहील. ती आई प्रत्येक गुरुवारी विचारायची, “कवा येणार कायमचं?” लुसिया घरी येऊन तो प्रश्न मला जशाच्या तसा ऐकवायची आणि मग पुस्तक उघडून बसायची. मलाही त्या न पाहिलेल्या मुलीचा ध्यास लागला होता. परीक्षा नुसती परीक्षा राहिली नव्हती.

म्हणून मी देवाला साकडं घातलं. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली अडुसष्ट लिंगं आहेत, काही मोठ्या देवळांत, काही गल्लीबोळांत. गुडघे दुखत असताना, उन्हात, कधी रिक्षाने तर कधी पायी, सहा दिवसांत मी अडुसष्टच्या अडुसष्ट लिंगांना जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी एकच मागणं, पोरीला पास कर. आणि पोरगी नापास झाली.

ती परीक्षा माझ्याच घरी, माझ्यासमोर झाली. परीक्षक म्हणजे पन्नाशीचे एक सर, शांत, जाड भिंगांचा चष्मा. मी चहा दिला आणि तिथेच कॉटवर बसले. माझी विद्यार्थिनी, माझं घर, मी कशाला उठू? सरांनी साधे प्रश्न विचारले. घरी कोण कोण आहे, सकाळी काय करतेस, वळसंगला काय बघितलंस. लुसिया एक शब्द बोलायची आणि थांबायची. पुन्हा एक शब्द, पुन्हा थांबायची. शेवटी तर गप्पच झाली, हातातला रुमाल पिळत बसली. सरांनी वही मिटली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा येतो म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सर दाराबाहेर पडताच मी लुसियावर ओरडले, सगळं येत असताना का बोलली नाहीस? ती रडली. मग मी सरांना नावं ठेवली, संस्थेला ठेवली, आणि संध्याकाळी देवापुढे उभी राहून म्हटलं, “अडुसष्ट ठिकाणी डोकं टेकवलं तुझ्यापुढे. गुडघ्यांचं काय झालंय ते तुलाही दिसतंय. मी माझ्यासाठी काही मागितलं का? लेकरू उभं राहावं म्हणून मागितलं. तेही तुला देववत नसेल तर आपलं बोलणं संपलं.” त्या दिवसापासून अबोला. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हातारपणी देवाशी कट्टी. पण मी मनापासून चिडले होते. न्याय नावाची काही गोष्ट असते की नाही?

पुढचे तीन आठवडे मी शिकवणी आणखी कडक केली. दुपारी मी तासभर पडते, तेवढीच तिला उसंत. दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. त्या दिवशी पाणी येणार नव्हतं, दुसऱ्या दिवशी येणार होतं. आदल्या खेपेला पाण्याला जोर नव्हता, त्यामुळे घरात एक पिंप तळाशी आलेलं आणि दोन घागरी, एवढंच पाणी. मल्लव्वा असली की पाण्यावर तिचं लक्ष असतं, पण ती लेकीकडे अक्कलकोटला गेलेली. अकरा वाजता सर आले. मी चहा दिला आणि कॉटवर माझ्या जागेवर बसले. लुसियाचा चेहरा पांढराफटक. सरांनी पहिला प्रश्न विचारला, तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागच्या दाराची कडी खडखडली.

“बाई, अवो बाई! पाणी सुटलंय की! झोपलाव व्हय?”

मी चडफडत मागे गेले. दारात एक अनोळखी बाई. काळीसावळी, पन्नाशीची, कपाळावर आडवं भस्म, कमरेवर रिकामी घागर. मी दबक्या आवाजात म्हटलं, आत परीक्षा चालू आहे, मला येता येणार नाही.

“मग परीक्षा तुमची हाय व्हय? पोरीची हाय की. ती देती तिची. पाणी काय तुमच्यासाठी थांबतंय?” एवढं बोलून ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी वर्गात उशिरा आलेली मुलगी.

परसातला आमचा नळ खड्ड्यात आहे. बघते तर खरोखर धार लागलेली, तीही भरघोस. आज भरलं नाही तर पुढचे चार-पाच दिवस घर कोरडं. काय करणार? पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. घागर भरायची, पायऱ्या चढायच्या, पिंपात ओतायची, पुन्हा खाली. माझे गुडघे आणि ती निसरडी पायरी. मी मोठमोठ्याने बोलत होते. अबोला कधी मोडला ते मला कळलंही नाही. “आजच? अकरा वाजता? उद्याचं पाणी आज सोडायला तुला हीच वेळ सापडली? तिथं माझी पोर एकटी बसलीय आणि मी इथं चिखलात! काय चुकलंय माझं, एकदा सांगून तरी टाक!” शाळेतल्या कुठल्याही मुलाला मी इतकं बोलले नसेन. नळाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. निदान माणसांना तरी.

तासाभराने पाणी बारीक झालं. शेवटची घागर घेऊन मी स्वयंपाकघरात आले तेव्हा पुढच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. सर हसत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. लुसिया बोलत होती. थांबत नव्हती.

“त्या पोरीचा पाय लई ताठ हाय, सर. लई रडती. मग मी बी खाली बसते, तिच्या बाजूला. आईला म्हणते, आक्का, तुमी धरा, मी हलवते. आई घाबरती. मी म्हणते, घाबरू नका की, मी हाय.”

ही भाषा माझी नव्हती. मी दुपारी झोपले की ती परसातल्या भिंतीपाशी जाऊन मल्लव्वाशी बोलायची, हे मला त्यानंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की वळसंगच्या त्या आईला हे प्रत्येक वाक्य कळेल. मी ओल्या लुगड्यानिशी तिथेच जमिनीवर बसले.

लुसिया पास झाली. निघताना सर चप्पल घालत होते, तेव्हा मी विचारलंच. रागाची सवय अजून गेली नव्हती. म्हटलं, एवढं येत होतं तर गेल्या वेळी नापास का केलंत?  ते म्हणाले, “बाई, राग मानू नका. गेल्या वेळी प्रत्येक शब्दानंतर ती तुमच्या तोंडाकडे बघत होती. परीक्षा मी घेत होतो, पण ती तुम्हालाच देत होती.”

 गेले तीन आठवडे मी ज्याला त्याला दोष देत फिरले होते, देवालाही सोडलं नव्हतं. त्या पोरीच्या आणि तिच्या वाचेच्या मध्ये मीच बसले होते, माझ्याच कॉटवर, पाय रोवून.

संध्याकाळी मी गल्लीत त्या बाईची चौकशी केली. कुणी ओळखेना. भस्म लावणाऱ्या बायका आमच्या भागात कमी नाहीत, पण त्या वर्णनाची कुणी नव्हती. पाणी एक दिवस आधी का सुटलं तेही कुणी सांगू शकलं नाही. कुठे दुरुस्ती निघाली असेल. त्या बाईही कुणाकडे पाहुण्या म्हणून आल्या असतील. मी त्यावर वाद घालत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मी अडुसष्ट ठिकाणी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती देण्यासाठी देवाला मला खोलीबाहेर काढावं लागलं. सांगून मी निघाले नसते. म्हणून त्याने हातात घागर दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळहातावर लिंग घेतलं. आदल्या दिवशी इतकं बोलून झालं होतं की नवीन काही सुचेना. क्षमा मागितली, आणि उपकार मानले. मागायला काही उरलं नव्हतं. आता वाटतं, शरण जाणं म्हणजे फार मोठं काही नसावं. आपण जिथे ठाण मांडून बसलो आहोत तिथून उठायला तयार होणं, एवढंच असावं. माझ्यासारखीला तेही सोपं गेलं नाही.

चार दिवसांनी लुसिया वळसंगला कायमची राहायला गेली. एसटीत सामान चढवून झाल्यावर ती खिडकीतून वाकली आणि माझा हात धरून एक लांबलचक वाक्य बोलली. मी तिची आई आहे, असं काहीसं ते होतं. त्यात तीन चुका होत्या. मी एकही सुधारली नाही.