मामाचे सहा ठोके

माझा मामा ठोके मोजतो. लोकांच्या मामांच्या नावापुढे पदव्या असतात; आमच्याकडे हे. साडेत्रेसष्ट किलोचा घण दोराने अडीच फूट उचलायचा, सोडायचा, आणि खालची नळी फूटभर जमिनीत जायला किती ठोके लागले ते लिहायचं. भरपूर लागले की जमीन पक्की. पाण्याखालच्या वाळूत कमी लागले, तर मोठ्या भूकंपात ती वाळू पातळ होणार आणि वरचं घर तिच्यात बसकण मारणार. बावीस वर्षं हा माणूस एवढंच करतोय, पण मिजास सर्जनची.

त्याचा राग एकाच गोष्टीवर, घण अर्धवट उचलणाऱ्या कामगारांवर. "कमी उंचीवरून सोडता, मग ठोके वाढतात. तुमच्या आळसावर जमीन पक्की करता होय रे?" असं म्हणत तो दोर हिसकावून घ्यायचा. उलट बोलायची कुणाची बिशाद नव्हती.

मग आईने नदीकाठी प्लॉट घेतला, भाड्याच्या दोन खोल्यांत उभी हयात काढल्यावर. खाली आम्ही, वर मामा, असं ठरलं. मामा सडाफटिंग, साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. म्हातारपणी कुठे जाणार, असं विचारलं की विषय बदलायचा. नकाशातली वरच्या खोलीची खिडकी मात्र त्याने स्वतः पेन्सिलने मोठी केली होती.

माती अर्थात त्यानेच तपासायची. त्या दिवशी दोरही त्यानेच धरला. दीड मीटरवर पाणी लागलं, पाच मीटरवर वाळू, आणि ठोके एकोणीस.

"सुटले बाई एकदाची," आई म्हणाली.

मामा खूश दिसेना. घणाच्या दांडीवरच्या, अडीच फुटांच्या खडूच्या खुणेकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "तू बघत होतीस ना? खुणेपर्यंत जात होता घण?"

"नाही. निम्म्यावरूनच सुटत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बहिणीच्या जमिनीला सूट असेल."

त्याने कागद फाडला. दोन मीटर सरकून नवं भोक पाडायला लावलं, दोर दुसऱ्याला दिला आणि स्वतः खुणेला नाक लावून उभा राहिला. ठोके सहा.

आई हळूच म्हणाली, "अरे, मधलाच एखादा आकडा टाक ना. भूकंप काय रोज येतो?"

"ताई, मघाशी माझ्या हाताने मला न विचारता खोटं केलं. आता तू सांगू नकोस."

शेवटी जमिनीत खडीचे चौतीस खांब उतरवावे लागले, आणि त्या खर्चातच वरचा मजला गेला. आई चार महिने त्याच्याशी बोलली नाही. मला दोघांचाही राग यायचा आणि मामाचं वाईटही वाटायचं. घर झाल्यावर तो रविवारी यायचा, गच्चीवर खिडकीच्या जागी उभा राहायचा, "वारा छान येतो" म्हणायचा आणि पत्र्याच्या खोलीकडे चालू लागायचा.

परवा आईने हॉलमध्ये खाट टाकली आणि त्याची पिशवी काढून घेतली.

"तुझी खोली जमिनीत गेली," ती म्हणाली. "निदान तिच्यावर तरी झोप."