सगळ्यांत खालचं अंगण

"पाण्याले काऊन बोल लावता, भाऊ? त्याले उतार दिसला, ते गेलं."

अंगणात साचलेलं पाणी घमेल्यानं उपसताना शेजारच्या बाई हमखास असं म्हणायच्या. भरलेलं घमेलं क्षणभर कमरेला टेकवायच्या, हसायच्या आणि रस्त्यावर रिकामं करायच्या. थोड्या वेळानं तेच पाणी परत आत यायचं.

गोंदियाहून नागऱ्याकडे जाताना आमचं ले-आउट लागतं. तुम्हीही अशाच एखाद्या वस्तीत राहत असाल. इथं पूर्वी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. त्यात पहिलं घर बाईंचं, जन्मभर बिड्या वळून बांधलेलं. मग आम्ही आलो. नाली कुणीच आणली नाही, मुरूम मात्र प्रत्येकानं आणला. नवं घर शेजारच्यापेक्षा उंच घ्यायचं, हा इथला रिवाजच. मिस्त्री तेच सांगतो आणि आपल्याला ते पटतं. माझं घर सगळ्यांत उंच झालं.

"तुमच्या घरी येनं म्हनजे डोंगरगड चढनं," पायरीवर टेकत बाई म्हणाल्या. "अन् वर देवी बी नाही."

"मी दिसत नाही का?" आतून बायको म्हणाली.

"तू दिसतेस वो. पन परसाद कुठं देतेस?"

बायको हसत चहा टाकायला गेली.

यंदाच्या पावसात त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. माझ्या संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, कुंपणाला लागूनच आहे. मला कळायचं ते कळलं. मी पाण्याची कॅन नेऊन दिली.

"घरची विहीर असून इकतचं पानी कायले?" म्हणत त्यांनी ती पाहुण्यांसाठी ठेवून दिली.

पोळ्याच्या सुमारास त्यांचे डोळे पिवळे झाले. बालाघाटची मुलगी न्यायला आली. विहीर सुधारल्याशिवाय आईला परत पाठवणार नाही, असं तिनं मला बजावलं. ऑटोत बसताना बाईंनी माझा हात धरला. "खड्डा तेवढा सरकवा, भाऊ. मले माह्या घरीच राहाचं आहे."

त्यासाठी माझ्या पोर्चची नवी फरशी फोडावी लागते. मिस्त्री पाहून गेला. पाऊस उघडू दे, असं मी त्याला सांगितलं.

काल बाईंचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"खड्ड्याचं काम करून रायले ना, भाऊ?"

"हव. चालू आहे."

"एवढ्या पावसात? मग मजुरांले च्या पाजत जा. चिखलात उभे राहून खोदून रायले बिचारे."

समोर पोर्चमध्ये गाडी उभी होती. खालची फरशी नुकतीच पुसलेली.

"पाजतो," मी म्हणालो.