अण्णांनी पाणी मागितलं

सलीमच्या गॅरेजात रंगाचा एक रिकामा डबा होता. गाडीचं काम संपलं की एखादा नट, एखादा वायसर हमखास उरायचा आणि त्या डब्यात पडायचा. कुठल्या गाडीचा ते कुणालाच ठाऊक नाही, पण फेकवत नाही. आमच्याकडे किस्से जमले ते असेच.

गोष्ट नव्वदच्या आगेमागची. गाव पनवेल, वेळ रविवार सकाळ, मंडळी मोजून तीन. गॅरेजवाला सलीम, सरकारी वर्कशॉपातून फोरमन म्हणून रिटायर झालेले अण्णा, आणि मी. मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. इथे माझं काम बॅटरी धरून उजेड दाखवायचं. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आम्हाला सोबत न्यायचा. साधी गाडी काय, कुणीही बघेल. आमच्याकडे यायचे ते वेगाच्या गाड्यांचे शौकीन. आखातातून आणलेल्या जपानी गाड्या, रॅलीत पळालेल्या गाड्या, लाख-दीड लाख किलोमीटर होऊनही मालक ज्यांचं कौतुक थांबवत नाही अशा गाड्या.

* * *

अण्णांचा नियम असा की बॉनेट शेवटी उघडायचं. आधी दार उघडून खाली बघायचं.

एका डॉक्टरांची चंदेरी गाडी होती. मीटरवर एकतीस हजार. अण्णांनी वाकून क्लचच्या पॅडलवर बोट फिरवलं. रबर झिजून गुळगुळीत, कडेने लोखंड दिसायला लागलेलं. म्हणाले, "डॉक्टर, मीटर मागे फिरवता येतो. रबर नाही फिरवता येत." डॉक्टरांनी सगळा दोष ड्रायव्हरच्या बुटांवर ढकलला.

महिन्याभराने तीच गाडी एका एजंटकडे दिसली. मीटर एकतीस हजारच, पण पॅडलला रबर कोरं करकरीत. अण्णा इतके खूश झाले की विचारू नका. एजंटच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एकतीस हजारात नवं रबर? मग जुनं उंदराने खाल्लं का?"

* * *

आता पाण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, हा अण्णांचा दंडक. पण आम्हा दोघांना तर तिथल्या तिथे कळायला हवं, म्हणजे घेणाऱ्याला वेळेत उठवता येईल. म्हणून खूण ठरली होती. गाडी चांगली असेल तर अण्णा मालकाच्या घरी चहा घ्यायचे. वाईट असेल तर पाणी मागायचे. पाणी मागितलं की आपण घड्याळ बघायचं, उठायचं, आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही. गुपित तिघांतच होतं. निदान आमची तरी तशी समजूत होती.

सुकापूरला एका गृहस्थाकडे गेलो. सकाळचे सात, गाडी झाडाखाली सावलीत. अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला तर बॉनेट चांगलंच गरम, म्हणजे इंजिन आधीच चालवून ठेवलेलं! मालक म्हणाले, ऊन लागलंय. अण्णा म्हणाले, "बरं, मग निवू दे," आणि व्हरांड्यात मांडी ठोकून बसले. दोन तास. पोहे झाले, परत पोहे झाले. चहा तीनदा आला आणि तीनदा आत गेला. मग थंड इंजिन सुरू केलं. असा निळा धूर निघाला की शेजारच्या काकू नाकाला पदर लावून बाहेर आल्या आणि विचारायला लागल्या, डासांच्या फवारणीची गाडी आली का?

अण्णांनी शांतपणे पाणी मागितलं.

* * *

नवीन पनवेलला एका बिल्डरच्या चिरंजीवांची गाडी बघितली. अंगभर रॅलीची स्टिकरं, सायलेन्सरचा आवाज खाडीपलीकडे जाईल असा. सलीम माझ्या कानात म्हणाला, "आवाज है, जान नहीं." अण्णांनी ऑइलचं झाकण उघडलं. आत पांढरा फेस. ऑइलमध्ये पाणी शिरलं की असं होतं. झाकण माझ्यासमोर धरून अण्णा हळूच म्हणाले, "ताक घुसळलंय."

मग पाणी मागितलं. चिरंजीव म्हणाले, पाणी कसलं काका, कोल्ड्रिंक घ्या. अण्णा नको नको म्हणत होते तोवर बाटल्या फुटल्यासुद्धा. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. चहा ठरलेला, पाणी ठरलेलं, कोल्ड्रिंकचं काहीच ठरलेलं नव्हतं. बाहेर पडल्यावर सलीमने विचारलंच, "अण्णा, कोल्ड्रिंकचा मतलब काय धरायचा?"

"पळा," अण्णा म्हणाले.

* * *

नेऱ्याच्या एका फार्महाउसवर गाडी बघून झाली आणि मालकाने कोंबडीचं जेवण पुढे केलं. अण्णांनी दोन्ही हात जोडले. आमच्याकडे चालत नाही म्हणाले, हिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. ते खरंच होतं, अण्णांकडच्या काकूंचं सोवळं आख्ख्या आळीला माहीत. सलीम मात्र उगाचच खोकत खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हा मला काही कळलं नाही.

* * *

आता माझी गोष्ट.

इतक्या लोकांच्या गाड्या बघितल्या, पण माझ्या दारात स्कूटरच. बायको म्हणायची, एवढ्या गाड्यांवर बॅटरी मारता, एखादी घरी आणा की! आणि माझं मन एकाच गाडीवर होतं. उरणच्या हरेश नाखव्याची लाल, दोन दारांची जपानी. त्याच्या भावाने आखातातून आणलेली. पळस्प्याला ती मला पहिल्यांदा ओलांडून गेली, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्यापायी मी ऑफिसात पंपाच्या ड्रॉइंगच्या कडेला गाडी काढून साहेबांची बोलणी खाल्ली होती.

ती विकायची आहे असं कळलं. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली. हरेशने स्पष्टच सांगितलं, पुढच्या रविवारी मुंबईचा एक जण येणार, त्याला फक्त इंजिन हवंय, बाकी गाडी भंगारात. म्हणजे मी घेतली तरच ती गाडी राहणार होती.

अण्णांना घेऊन उरणला गेलो. पॅडलचं रबर झिजलेलं, मीटरशी इमान राखून. बॉनेट गार. पहिल्या चावीला सुरू, धुराचं नाव नाही. अण्णा सवयीप्रमाणे गप्प. हरेशची आई त्यांना आत घेऊन गेली आणि मी अंगणात हरेशबरोबर कागद बघत बसलो. सगळं लक्ष आतल्या कपबशीच्या आवाजाकडे. आणि आतून अण्णांचा आवाज आला.

"पाणी द्या हो. जरा लवकर द्या."

मी घड्याळ बघितलं, उठलो, हरेशला विचार करून सांगतो म्हणालो. परतीच्या वाटेवर अण्णा गळ्याला हात लावून गप्प. मीही गप्प, कारण बोललो असतो तर रडू आलं असतं. खरंच सांगतो.

आठ दिवस नीट जेवलो नाही. रविवारी गॅरेजात जाऊन कोपऱ्यात बसलो, तर अण्णा सलीमला माझ्याचबद्दल सांगत होते. "काय माणूस आहे, सोन्यासारखी गाडी आणि हा उठून चालू लागला. नसेल आवडली, म्हणून मीही विचारलं नाही."

मी ओरडलोच, "अहो, तुम्ही पाणी मागितलंत!"

अण्णा उठून रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना ते बघून आले. मग अगदी हळू म्हणाले, "काटा अडकला होता."

"कसला काटा?"

"मांदेलीचा. तळलेला मासा समोर आला, राहवलं नाही. हिला सांगू नका."

सलीम हसत हसत खालीच बसला. मी त्याला ओढून उठवला, अण्णांना त्याच्या व्हॅनमध्ये कोंबलं, आणि उरण गाठलं. अकरा वाजून गेले होते. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

अंगणात गाडी उभी होती. अख्खी.

हरेश म्हणाला, "मुंबैवाला आलेला सकालीच. पन नाक्यावं कुनी त्याला सांगला, पनवेलचे अण्णांनी या गाडीला पानी मांगला. तो तसाच माघारी गेला."

मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. गार होतं. इतका मोकळा श्वास मी कित्येक दिवसांत घेतला नव्हता. अण्णा मात्र चिडले होते, आमची खूण उरणपर्यंत पोचवली कुणी म्हणून सलीमकडे बघत होते. तेवढ्यात हरेशची आई कप घेऊन बाहेर आली आणि थेट अण्णांसमोर उभी राहिली.

"आज म्हावरा नाय केला," ती म्हणाली. "पयला चा घ्या."