पानवेलीची गाठ

शेजारच्या आग्नेसमावशी परसात पांगाऱ्याला पानवेल बांधत होत्या. केळीच्या सोपटाची दोरी, आणि गाठ इतकी सैल की आत बोट जावं. मी कुंपणापाशी थांबले, कारण कितीतरी दिवसांनी त्या गुणगुणत होत्या.

मावशींचे यजमान, म्हणजे काका, अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचा रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकत होता. दर रविवारी मिस्साला जायचा चर्चचा नियम मोडला म्हणजे पाप लागलं, असं त्या धरून बसल्या होत्या. मला त्या नियमाचाच राग यायचा. आज सकाळी फादर काकांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आले, तेव्हा मावशींनी रडतच त्यांना या पापाबद्दल विचारलं. फादर म्हणाले, "मावशी, काकांना एकटं टाकून आला असतात, तर मीच तुम्हाला परत पाठवलं असतं."

बंधन म्हटलं की मला आवळलेला गळाच दिसायचा. पण वेलही बांधतातच की, आणि ती वर चढावी म्हणून बांधतात. हे इतकं साधं मला आजवर सुचलं नव्हतं. मलाच हलकं वाटलं.

"मावशी, गाठ सुटेल हं," मी म्हणाले.

"सुटू दे," त्या म्हणाल्या. "तोवर वेलीनंच झाड धरलेलं असेल."